कच्च्या कप्प्यातली जाऊ

माझं शिक्षण चौथी. गुरुजींनी पुढं घालायला सांगितलं होतं, पण पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि बापाला मी घरी पाहिजे होते. चौथीपर्यंत जे लिहायला-वाचायला आलं त्यावर आयुष्य निघालं. गुरुजी पुस्तकातली भाषा लिहून घेत, म्हणून माझी लिहायची भाषा वेगळी आणि बोलायची वेगळी. बोलायची भाषा लिहिली की लांबच्या लोकांना गंमत वाटते. मला कुणाची गंमत करून द्यायची नाही.

आता इंटरनेटवर माझं एक पान आहे. त्याला ब्लॉग म्हणतात. नातीनं, म्हणजे मुलीच्या मुलीनं, करून दिला. ती पुण्याला कंप्युटरचं काम करते. तो करून द्यायची वेळ आली ती माझ्या पुतण्यामुळं.

पुतण्या म्हणजे माझ्या थोरल्या जावेचा मुलगा. नांदुऱ्याला स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान आहे. राहतो गावातच, माझ्या भिंतीला भिंत लावून. आमच्या भावकीचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, त्याचा कारभारी तोच. भावकीतल्या एकानं आईच्या तेरवीला सगळं गाव जेवू घातलं आणि बुंदीच्या टोपल्यांचे फोटो ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी खाली हात जोडले. मी लिहिलं, "म्हातारी जिवंत होती तेव्हा तिची बाज गोठ्यात होती. बुंदी तेव्हाच द्यायची होती, तेव्हा तिला दात तरी होते." जरा वेळानं पाहिलं तर मला ग्रुपमधून काढलेलं. संध्याकाळी पुतण्या भिंतीवरून ओरडला.

"काकू, ग्रुपवर असं लिहत असतात काय?"

"काऊन? खोटं हाये काय?"

"खोटं असतं तं राहू देल्लं असतं. खरं हाये म्हनून काढलं."

मी नातीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तुला तुझी स्वतःची जागा करून देते. तिथून तुला कोणी काढू शकणार नाही." मी विचारलं, थांबवू शकेल का? ती हसली. म्हणाली, थांबवूही शकणार नाही. तिला ते फार चांगलं वाटत होतं. मलाही वाटलं.

दिवाळीच्या सुट्टीत येऊन तिनं सगळं शिकवलं. मी एका बोटानं लिहिते. बोलून लिहायचीही सोय आहे, पण माझं बोलणं फोनला कळत नाही आणि त्याच्यासाठी मी बोलणं बदलणार नाही. एका बोटानं लिहिलं की फालतू शब्द येत नाहीत, कारण बोट दुखतं. फोनला एक वाईट सवय आहे. मी एक शब्द लिहिला की पुढचे तीन शब्द तो स्वतःच वर मांडून ठेवतो, आणि तिन्ही गोड. मी 'माझी' लिहिलं की तो म्हणतो 'लाडकी'. 'सासू' लिहिलं की म्हणतो 'खूप'. लोकांचे वाढदिवसाचे मजकूर सारखे का असतात हे मला तेव्हा कळलं. ते लिहीतच नाहीत, समोर आलेलं उचलतात.

पानाखाली लोकांना बोलायला जागा होती. एका बाईनं लिहिलं, किती अस्सल, मातीतलं! दुसऱ्यानं लिहिलं, आजी, चुलीवर भाकरी करतानाचा फोटो टाका. माझ्याकडे गॅस आहे. मी नातीला सांगून ती जागा बंद करून घेतली. किती जण वाचून गेले त्याचा आकडा दिसतो, तोही झाकायला सांगितला. पण तो झाकला तर मी चिडचिड करते असं नातीच्या लक्षात आलं आणि तिनं तो परत दाखवला. एखाद्या दिवशी अकरा असतो. अकरा माणसं माझ्या ओट्यावर कधी एका दिवशी आली नाहीत, मयत सोडून.

मयताचंच मी जास्त लिहिते. आमच्याकडे माणूस गेलं की बाया बसायला जातात. दारात शिरल्याबरोबर डोक्यावर पदर घेऊन हेल काढायचा, आणि त्या हेलात मेलेल्याचे गुण सांगायचे. मीही सांगितलेत. जिनं सुनेला डागलं तिला मी 'मायेची सावली' म्हणून रडले आहे. आता ते काम फोनवर होतं. फोटोला हार घालून देतात, खाली पणती हलते, आणि सगळे हात जोडतात. हार घालायचं काम पुतण्याच्या दुकानात होतं. मी ठरवलं, मेलेलं माणूस जसं होतं तसं एकानं तरी लिहावं. पहिलं माझ्या नवऱ्याचं लिहिलं. त्यानं मला कधी मारलं नाही आणि कधी काही विचारलंही नाही, एवढ्या दोन गोष्टींत त्याचं पान झालं.

मग एक अडचण कळली. माणूस गेल्यावर तेरा दिवस माझंही मन मऊ पडतं. नको ते चांगलं आठवतं. म्हणून मी आधीच लिहायला लागले. माणूस चालतंय, बोलतंय, डोकं खातंय, तोवर लिहून ठेवायचं. ब्लॉगमध्ये त्याची सोय आहे. एक बटण लोकांना दाखवायचं, दुसरं नुसतं ठेवून द्यायचं. शाळेत आमची कच्ची वही आणि पक्की वही असायची, तसं. मी त्याला कच्चा कप्पा म्हणते. माझ्या कच्च्या कप्प्यात नऊ जण होते. नऊही जिवंत. पुतण्याही होता. सगळ्यात वर माझी जाऊ.

ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी. गेल्या थंडीत तिचं डावं अंग गेलं. खामगावच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं. तेव्हापासून ती भिंतीपलीकडं बाजेवर आहे आणि सून तिला चमच्यानं भरवते. तोंड अर्धं वाकडं झालं, पण जीभ गेली नाही. जीभ जायला पाहिजे होती असं मी तेव्हा म्हणाले होते.

तिचं पान मी दोन महिने लिहीत होते. सुरुवात अशी होती: "माझी जाऊ गेली. आमची भिंत एक होती, बाकी काही एक नव्हतं." पुढं होतं की ती दुधावरची साय चाटून मांजराचं नाव सांगायची. सासूजवळ माझ्या चहाड्या करायची. माझी दोन महिन्यांची मुलगी गेली तेव्हा सगळ्या बायांसमोर म्हणाली, बरं झालं, एक उजवायची कमी झाली. आणि शेवटी मी लिहिलं होतं की या बाईचं मन इतकं दगडाचं की सख्ख्या भावाचं तोंड तिनं अठ्ठेचाळीस वर्षं पाहिलं नाही. त्याची बायको मेली तरी गेली नाही.

हे सगळं खरं आहे. एक गोष्ट मी त्यात लिहिली नव्हती. ती इथं लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

जावेला अक्षर ओळख नाही. त्या काळी आमच्या गल्लीत पत्र लिहिता येणारी सून मी एकटी. बाया अंतर्देशीय पत्र घेऊन माझ्याकडे यायच्या. ते निळं पत्र मांडीवर पाटी ठेवून लिहायचं, चिकटवायचं आणि पोस्टमनच्या हातात द्यायचं. त्या सांगायच्या तसं मी लिहायची.

एका उन्हाळ्यात जाऊ माझ्याकडे आली. सासू तेव्हा अंथरुणाला खिळून होती आणि पडल्या पडल्या हाताला येईल ते फेकून मारायची. पितळी तांब्यानं जावेचं कपाळ फुटलं होतं. तिचा बाप नव्हता, पिंपळगाव राजाला थोरला भाऊ होता. तिनं सांगितलं, "लिही, दादा, आखजीले मले न्यायले ये. इथं मले मारून राह्यले. आला नाही तं मी विहीर पाहीन." आखजीला आमच्याकडे लेकी माहेरी जातात, भाऊ न्यायला येतो.

मी लिहिलं, "दादा, मी खुशाल आहे. यंदा घरी काम फार आहे, आखजीला न्यायला येऊ नये. मी कळवीन तेव्हा या." खाली तिचं नाव घातलं. तिला वाचून दाखवलं ते तिनं सांगितलेलं. मग जीभ लावून पत्र चिकटवलं.

सासऱ्यानं मला असं करायला सांगितलं नव्हतं, कोणीच नाही. ती गेली असती तर परत आली नसती हे मला दिसत होतं. मग सासूचं हगणं-मुतणं, तीन म्हशी, आडाचं पाणी आणि अकरा माणसांच्या भाकरी माझ्या एकटीच्या गळ्यात आल्या असत्या. माझ्या पोटात तेव्हा तीच मुलगी होती, जी पुढं दोन महिन्यांची होऊन गेली.

आखजीला जाऊ गाठोडं बांधून ओट्यावर बसली. दिवस मावळेपर्यंत बसली. भाऊ आला नाही. दुसऱ्या वर्षी तो आपण होऊन आला, तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही. आतूनच म्हणाली, माझा भाऊ मेला. तो पाणी न पिता गेला. दोघंही एकाच आईची लेकरं, दोघांनीही कधी विचारलं नाही. पत्राचं खरं मला एकटीला माहीत होतं, आणि मी ते माझ्याबरोबर सरणावर नेणार होते.

परवाच्या फाल्गुनात मी तिच्या पानातला एक शब्द बदलायला बसले. चष्मा कोनाड्यात होता, उठायचा कंटाळा केला. शब्द बदलला, ठेवून द्यायचं बटण दाबलं, फोन चार्जिंगला लावला आणि डाळ दळायला गिरणीवर गेले. गिरणीत वीज नव्हती. तिथं दोन तास बसले. मी दाबलं होतं ते बटण दुसरं होतं.

त्या दोन तासांत जे झालं ते मला नंतर कळलं. कोणीतरी पानाचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकला. ज्या ग्रुपमधून मला काढलं तिथं माझं लिहिलेलं गेलं. लोकांनी पहिली ओळ वाचली, पुढं वाचायची सवय कुणाला आहे? एका हौशीनं जावेचा कुठल्याशा लग्नातला फोटो घेऊन त्याला हार घातला, पणती लावली. खाली हात जोडण्याची रांग लागली. त्या रांगेत सातवे हात माझ्या पुतण्याचे होते. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यानं सवयीनं हात जोडून टाकले. मग फोटो नीट पाहिला. आपल्या आईला त्यानं अशी श्रद्धांजली वाहिली. त्यानंतर घरी फोन केला.

"माय कवा गेली वं?" तो रडत होता.

सून म्हणाली, "कुठी गेली? आत्ता तं चहा पेली. बिस्किट पाह्यजे म्हनून मले शिव्या देऊन राह्यली."

पण पिंपळगाव राजाला फोन करणारं कोणी नव्हतं. अठ्ठेचाळीस वर्षांत या घरात त्या घराचा नंबरच नव्हता. भावाच्या नातवानं फिरत फिरत आलेला हाराचा फोटो फोनवर पाहिला, म्हाताऱ्याला दाखवला, आणि ते जीप करून निघाले. वाटेत लुगडं घेतलं. आमच्याकडे बाई मेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. कितीही वाकडं असो, ते लुगडं येतं. ते आल्याशिवाय उचलत नाहीत.

मी डाळीचा डबा डोक्यावर घेऊन गल्लीत शिरले तर जीप उभी आणि तीन अनोळखी बाया जावेच्या दारात हेल काढून रडत होत्या. मला वाटलं, सुटली. डबा ओट्यावर ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि रडायच्या तयारीनं आत गेले.

जाऊ बाजेवर उशीला टेकून बसलेली. सुनेच्या हातात खिचडीची वाटी. जाऊ त्या बायांकडे बघून विचारत होती, "कोन मेलं वं?"

बायांचा हेल अर्ध्यात थांबला. एकीचं तोंड उघडंच राहिलं. त्यांच्या मागं एक म्हातारा, धोतर, टोपी, दोन्ही हातांवर घडी केलेलं हिरवं लुगडं. तेवढ्यात पुतण्याची मोटरसायकल आली. तो सरळ माझ्यासमोर आला आणि फोन माझ्या नाकापुढं धरला.

"हे तुह्यं काम हाये, काकू. जिवंत मानसाले मारलं तू!"

मी फोनमध्ये पाहिलं. चष्मा नसतानाही पहिली ओळ ओळखली.

जावेचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती म्हाताऱ्याकडे बघत होती. उजवा डोळा त्याच्यावर, डाव्या डोळ्याला तिच्या मनाचं काही कळत नाही आता.

"दादा व्हय?"

"हाव."

"थे लुगडं माह्यासाठी व्हय?"

लुगडं कुठं ठेवावं ते त्याला समजेना.

"आखजीले आनायचं होतं," ती म्हणाली. "गाठोडं बांधून बसली होती मी. आता मेल्यावर आला."

"तूच तं लिहलं, येऊ नको म्हनून."

"म्या?"

"हाव. तुह्यं पत्र हाये. मी खुशाल हाये, न्यायले येऊ नको. तुह्यं नाव हाये खाली."

जावेनं मान वळवली. तिला मान वळवायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला मिळाला. सासऱ्यावर ढकलता आलं असतं. तो मेलेला, त्यानं नाही म्हटलं नसतं. मी ढकलणारही होते. पण समोर पुतण्या उभा होता, ज्यानं मला खरं लिहिलं म्हणून काढलं, आणि त्याच्यासमोर खोटं बोलायला मला कमीपणा वाटला. एवढंच कारण. पुण्य वगैरे काही नाही.

"धाकले," जाऊ म्हणाली, "काय लिहलं होतं तू?"

"येऊ नको, हेच लिहलं होतं."

"काऊन?"

"बाई, तुमी गेल्या असत्या तं वापस आल्या नसत्या. बुढी माह्या एकलीच्या अंगावर पडली असती."

पुतण्यानं तोंडात आलेली शिवी गिळली, ते मला दिसलं. त्या तीन बाया माझ्याकडे अशा बघत होत्या की रडायला आल्याचं सार्थक झालं. म्हातारा सावकाश खाली बसला. माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्षर लय चांगलं होतं. बहिनीचं एकच पत्र, म्हनून जपून ठेवलं म्या. पोथीत हाये अजून."

माझ्या अक्षराची स्तुती गुरुजींनंतर त्यानंच केली. त्याला ती टोचून करायची नव्हती, म्हणून जास्त लागली.

जाऊ सुनेला म्हणाली, "खिचडी थंडी होऊन राह्यली. दे." आणि खाऊ लागली. तिनं वाटी संपवली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळत होतं, सून पुसत होती.

वाचणाऱ्याला वाटत असेल की बहीण-भाऊ गळ्यात पडले. नाही पडले. त्यांच्याजवळ बोलायला काही नव्हतं. त्यानंतर त्यांनी दात किती राहिले एवढंच एकमेकांना विचारलं. चहा झाला. जीपवाला घाई करत होता. जाताना सुनेनं लुगडं परत देऊ केलं तेव्हा म्हातारा दोन पावलं मागं सरला. मयताचं म्हणून आणलेलं लुगडं माघारी नेत नाहीत. ते बाजेच्या पायथ्याशी राहिलं. तो अजून परत आलेला नाही. गुडघे दुखतात म्हणे.

संध्याकाळी नातीचा फोन आला. तिनं ते पान लोकांपुढून काढून टाकलं होतं, पण ज्यांनी फोटो काढून घेतले त्यांच्याकडे ते राहणारच. तिला सगळं कळलं होतं, आईनं सांगितलं.

"आजी, तू त्या बाईचं आयुष्य खाल्लंस."

"अर्धं. अर्धं तिच्या सासूनं खाल्लं."

"तुला ही जागा करून दिली याची मला लाज वाटते."

"पत्र लिहिलं तवा कुठी होती तुही जागा?"

तिनं फोन ठेवला. आठ दिवस केला नाही. तिचं चुकलं एवढंच की तिला वाटत होतं, माणसाला कोणी थांबवणारं नसलं की ते खरं लिहितं. मी तर निळं पत्रही कोणी थांबवणारं नसताना लिहिलं होतं.

जीप आली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी जावेनं सुनेकरवी बोलावलं. मी गेले. सून पाणी भरायला बाहेर गेली.

"माह्यावर लिहलेलं वाच," जाऊ म्हणाली.

मी वाचलं. सगळं वाचलं, साय, मांजर, चहाड्या. मुलीचं आलं तिथं मी थांबले नाही, तशीच वाचत गेले.

"पोरीवरून म्हनलं होतं म्या. खरं हाये."

"हाव."

"साय म्या नाही खाल्ली. थे खरंच मांजर होतं."

"ते काढते."

"आन पत्राचं?"

"ते नाही त्याच्यात."

"काऊन नाही? माह्यं मन दगडाचं लिहलं, दगड कोनं केला थे नाही लिहलं. लिही. आन थ्या कप्प्यात ठेवू नको. बाहेर टाक. मी जित्ती असतानी टाक. मेल्यावर तू पुन्हा मनाचं लिहशीन."

मी घरी येऊन लिहिलं. तीन दिवस लागले, बोट सुजलं. 'माझी' लिहिलं की फोन अजूनही 'लाडकी' म्हणत होता. पत्रात तिनं काय सांगितलं होतं आणि मी काय लिहिलं होतं, दोन्ही एकाखाली एक लिहिलं आणि लोकांना दाखवायचं बटण दाबलं. मग फोन घेऊन तिच्याकडे गेले. पुतण्या घरीच होता, दुकानाला सुट्टी होती. मी बाजेजवळ बसले, चष्मा लावला आणि वाचायला तोंड उघडलं.

"तू नको," जाऊ म्हणाली.

मला कळलं नाही.

"तवाही तूच वाचून दाखवलं होतं. लिहलं एक अन वाचलं एक. तुह्या तोंडचं मले नाही पाह्यजे." मग मुलाला म्हणाली, "तुह्या थ्या फोनमधली बाई वाचते ना? तिले वाचू दे."

पुतण्यानं आपल्या फोनवर माझं पान उघडलं, कुठंतरी दाबलं, आणि फोनमधली बाई वाचू लागली. तिचा आवाज सपाट. तिला ना माझी कीव, ना जावेची. आखजीचं तिनं जसं वाचलं तसंच माझ्या मुलीचं वाचलं आणि तसंच सासूच्या तांब्याचं. मोठे शब्द तोडून, पूर्णविरामाला थांबून. मी आयुष्यभर लोकांना लोकांचं वाचून दाखवलं, पण माझं मला कोणी वाचून दाखवण्याची ही पहिली वेळ. जाऊ डोळा माझ्यावर ठेवून ऐकत होती. बाईनं वाचलं आणि मी दचकले असं कुठं होतंय का, ते माझ्या तोंडावर तपासत होती.

"अजून एकदा," ती म्हणाली.

तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा पुतण्या उठून बाहेर गेला. फोन बाजेवरच बोलत राहिला. संपल्यावर जाऊ म्हणाली, "बरोबर हाये. राहू दे तसंच."

मी उठले. मला वाटलं झालं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी मागितलंही नव्हतं. दारापर्यंत गेले तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"धाकले, थे लुगडं घेऊन जाय."

"माह्याकडे काऊन?"

"मले दादा दुसरं आनीन. त्याले आता माहीत पडलं. तुह्या माहेरी कोन उरलं हाये? तुले कोन आननार?"

हे ती मला टोचायचं म्हणून बोलली. पण खोटं नव्हतं. माझे दोन्ही भाऊ गेले, भाचे सुरतेला आहेत, त्यांना माझं नावही सांगता येणार नाही. तिच्या मरणाचं लुगडं ती मला देत होती आणि मी नाही म्हणावं अशी तिची इच्छा होती की घ्यावं अशी, ते वाकड्या तोंडावरून कळत नव्हतं. मी पायथ्याशी जाऊन ते उचललं. उघडून पाहिलं. हिरवं, भडक, काठ पिवळा, सूत जाडं.

मी म्हणाले, "रंग चांगला नाही."

ती म्हणाली, "तुले कुठी पाहायचा हाये?"